मधले दिवस कोण मोजतो

६ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद आहेतच. तू बोलत नाहीस म्हणून ते मी मागे घेतलेले नाहीत.

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. ठीक आहे. पण टपालाने आलेलं पाकीट न फोडता फेकून द्यायची छाती बँकेतल्या माणसाला होत नाही. आत कुणाची नोटीस असली तर, अशी धाकधूक असते. म्हणून हा मार्ग. आधीच सांगते, या पत्रात मी काहीही मागणार नाहीये, तेव्हा निवांत वाच.

बातमी अशी की माझा प्रवेश पक्का झाला. जुन्या कापडांचं जतन, एक वर्षाचा अभ्यासक्रम, परदेशातल्या विद्यापीठाचा. त्यांनी पत्रात मला 'प्रिय विद्यार्थिनी' म्हटलंय. मी ते पत्र लाँड्रीच्या काउंटरवर काचेखाली लावलंय, दरपत्रकाच्या शेजारी. गिऱ्हाईक कोट धुवायचा दर वाचता वाचता तेही वाचतं. परवा हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी विचारलं, "मुलीला प्रवेश मिळाला वाटतं?" मी म्हटलं, "मला मुलगी नाही. मुलगा आहे, तो शिकून मोकळा झाला. हा प्रवेश माझा आहे." बाई चादरींची पावती घ्यायला विसरल्या. मला मागे धावत जाऊन द्यावी लागली.

गेल्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. तू आला होतास नव्या फ्लॅटच्या पहिल्या रकमेसाठी. मी म्हटलं, साठवलेले पैसे माझ्या फीचे आहेत. तर तू विचारलंस, "आई, एकोणपन्नासाव्या वर्षी शिकून त्यातून परत काय येणार?" कर्जाच्या फायली बघणं हे तुझं काम. परक्यांच्या मुलांना शिक्षणकर्ज देताना हा प्रश्न तू रोज विचारत असशील, जिभेला वळण पडलं असेल. पण मी फाइल नव्हते रे. चहा अर्धा टाकून गेलास, तो मी पिऊन टाकला. साखर वाया घालवत नाही मी.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. संग्रहालयाची कापडं मी सहा वर्षं धुतेय, हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बाई एक जुना रेशमी अंगरखा घेऊन आल्या. काखेखाली घामाचा पिवळा डाग. मी तीन वेळा तो हातात घेतला आणि तिन्ही वेळा खाली ठेवला. शेवटी म्हटलं, "बाई, हा डाग काढता येईल मला. पण हा अंगरखा कुणीतरी अंगात घालून खरंच राबलं होतं, एवढं या डागामुळेच कळतंय. मी नाही काढत." बाईंनी अंगरखा परत घडी घालून ठेवला. मग म्हणाल्या की कुठला डाग काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे शिकवणारी एक जागा आहे. पंचवीस वर्षं मी डाग काढतेय. रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि ती साबणात बुडवली, असं तुझी आजी म्हणायची. आता तीच पदवी मला प्रवेशाला कामाला आली.

एवढंच सांगायचं होतं. सूनबाईला आशीर्वाद. ती अशक्त वाटत होती, तिला वेळेवर जेवायला सांग.

तुझी आई


११ मार्च

चिरंजीव,

याही पत्रात मागणी नाही. मात्र आकडे आहेत, तेव्हा तुला गोड लागेल.

मी अंदाजपत्रक केलं. विद्यापीठाने महिन्याला इतका खर्च येतो म्हणून एक आकडा छापलाय. पण त्यावर विसंबून राहणं म्हणजे साबणाच्या जाहिरातीत सांगितलंय तेवढाच साबण घालण्यासारखं. म्हणून संग्रहालयाच्या बाईंनी तिकडे शिकणाऱ्या तीन मुलींचे नंबर मिळवून दिले. पहिली म्हणाली, सगळं भयंकर महाग आहे. दुसरी म्हणाली, काही महाग नाही. दोघी एकाच घरात राहतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'किती लागतात' हा प्रश्नच चुकीचा. तिसरीला मी विचारलं, "गेल्या महिन्यात काय काय विकत घेतलंस ते सांग." ती बिचारी तासभर सांगत बसली.

तिच्याकडून कळलेल्या गोष्टी लिहिते, तुझ्याकडे येणाऱ्या आईबापांना सांगायला होतील. तिथे आपल्या ओळखीचा हमीदार नसला तर घरमालक सहा महिन्यांचं भाडं आधी मागतो. थंडीचा कोट इथून न्यायचा नाही, तिथे वापरलेला घ्यायचा. भांडीकुंडी घ्यायचीच नाहीत, शिक्षण संपवून जाणाऱ्या मुली दाराबाहेर ठेवून जातात. आणि आजारपणाचा विमा व्हिसाच्या पैशातच येतो. तो मी दोनदा धरून बसले होते. ती ओळ खोडली तेव्हा मला रस्त्यात नोट सापडल्यासारखं झालं.

शेवटची ओळ मी 'आट' म्हणून घातलीय, दहा टक्के. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तसा आपला पैसा परदेशी जाताना आटतो. मागे दुकानाच्या हिशेबात ही ओळ बघून तू हसला होतास. आता ऐक. फीचा पहिला हप्ता मी पै-पैसा मोजून पाठवला आणि तिकडून निरोप आला की रक्कम कमी पडतेय, जागा अडवून ठेवलीय. मधल्या कुठल्याशा बँकेने वाटेतच आपलं शुल्क कापून घेतलं होतं. म्हणजे मी पूर्ण शर्ट पाठवायचा आणि वाटेत कुणीतरी एक बाही कापून ठेवायची. तुमच्या जातभाईंनाच सुचतं हे. मी 'आट'मधून भर घातली आणि त्याच दिवशी जागा पक्की करून घेतली.

मोठं मशीन विकलं. हॉस्पिटलचं काम त्याच्याबरोबर गेलं. पैसे तीन हप्त्यांत येतील, माणूस चोख आहे. 'बाबांनी घेतलेलं मशीन' असं तुझ्या मनात आलंच असेल. घेतलं त्यांनी, खरंय. ते गेले तेव्हा तू सातवीत होतास आणि मशीनचे चार वर्षांचे हप्ते बाकी होते. ते मी फेडले, एकही न चुकवता, आणि तुझी फीही भरली. ते विकताना मला रडू येईल असं इस्त्रीवाल्या मामांना वाटत होतं. रुमाल घेऊन उभे होते. मी ट्रकवाल्याला दोरी नीट बांधायला लावत होते.

मामा वर्षभर दुकान चालवतील. ते जमण्याइतकी वर्षं त्यांनी माझ्याबरोबर काढलीत.

तुझी आई


२ मे

चिरंजीव,

फाइल गेली. आज सकाळी व्हिसाची सगळी कागदपत्रं जमा करून आले. बोटांचे ठसे घेणारी मुलगी म्हणाली, "मावशी, ठसे उमटत नाहीयेत." वर्षानुवर्षं सोड्यात हात घालून रेषा पुसट झाल्यात. चौथ्या वेळी उमटले. रांगेतली सगळी पोरंपोरी आपापल्या आईबापांबरोबर आली होती. मी एकटीच होते आणि कुणाची तरी आई मीच असणार असं सगळ्यांना वाटत होतं. एका मुलाने माझ्याकडे आपली पिशवी सांभाळायला दिली. सांभाळली.

तिथला नियम असा की फीची उरलेली रक्कम आणि राहण्याजेवण्याचे पैसे आपल्या खात्यात चार आठवडे असले पाहिजेत. व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागार बाईंनी हे मला दोनदा बजावलं. मी म्हटलं, अहो, लाँड्रीवालीला मोजणं शिकवू नका. पहिल्या दिवशी बँकेत जाऊन आकडा बघितला. शेवटच्या दिवशी पुन्हा बघितला. लागत होते त्यापेक्षा जास्तच निघाले.

मधे दुष्काळात तेरावा महिना म्हणून बॉयलरने दगा दिला. मामांच्या हाती बंद बॉयलर कसा सोपवणार? मेकॅनिक दिवसभर खपला, नळ्या बदलल्या, संध्याकाळी वाफ धरली. बिल चांगलंच झालं. तो म्हणाला, "ताई, तुमची जायची धावपळ आहे, पुढच्या महिन्यात द्या." मी म्हटलं, "माझ्या दुकानात दुसऱ्याचा पैसा रात्रीचा मुक्काम करत नाही." आणि त्याच्यासमोर बँकेतून पाठवले. तू लहान असताना वाण्याचा मुलगा तुला 'रोखठोकवालीचा' म्हणून चिडवायचा, आठवतं? तू रडत घरी यायचास आणि मी म्हणायचे, बाळा, हे चिडवणं नाही, ही आपली पदवी आहे. आठवड्याभरात मशीनचा शेवटचा हप्ता आला, खड्डा बुजला, वर थोडे उरले.

बघ, तू नसतानाही सगळं मार्गी लागलं. तुला एकदाही विचारावं लागलं नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. बरं, थोडासा टोमणा आहे. पण जास्त अभिमान आहे. तुझ्या बाबांच्या मागे लोक मला विचारायचे, कसं गं निभावणार एकटीने? त्या सगळ्यांना एकेक पोस्टकार्ड टाकावंसं वाटतंय.

तिकीट काढलं. खोलीचं भाडंही भरून टाकलं, सहा महिन्यांचं.

तुझी आई


१९ जून

चिरंजीव,

बरी आहे. व्हिसा जरा लांबलाय, कचेऱ्यांचं असंच असतं. इथे उकाडा फार आहे. मामा बरे आहेत. काउंटरच्या काचेखालचं पत्र काढून ठेवलंय, काच पुसायची होती.

सूनबाई कशी आहे?

आई


२६ जून

चिरंजीव,

काल सूनबाईचा फोन आला. म्हणाली, "आई, काच पुसायला पत्र काढलं असं तुम्ही लिहिलंय. यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग म्हणाले, तिची काच रोज पुसलेली असते, पत्र न काढता. काहीतरी झालंय. तुम्ही सांगाल का?"

म्हणजे पत्रं वाचतोस. बरं वाटलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. व्हिसा नाकारला. मेच्या अखेरीस नाकारला, म्हणजे गेलं पत्र लिहिलं तेव्हा कळून तीन आठवडे झाले होते. कारण एका ओळीचं आहे. मधल्या आठ दिवसांत खात्यातली रक्कम ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली.

बॉयलरचं बिल.

चार आठवडे पैसे खात्यात हवेत, याचा अर्थ रोज हवेत, एकही दिवस कमी नकोत, असा होता. तो मला कळलाच नाही. हसू नकोस. माझ्या जागी मामा असते तर तेही हेच करते, आणि जगातली कुठलीही लाँड्रीवाली हेच करती. आम्ही कपडे घेताना मोजतो, देताना मोजतो. घेतले चाळीस, दिले चाळीस, हिशेब संपला. मधल्या वेळात हौदात किती आहेत, दोरीवर किती आहेत आणि इस्त्रीखाली किती, ते कोण मोजतो? पहिल्या दिवशी पैसे होते, शेवटच्या दिवशी जास्त होते. माझ्या दृष्टीने काम चोख होतं. त्यांच्या दृष्टीने आठ चादरी हरवल्या होत्या.

आणि सगळ्यात बोचतं ते हे, की पैसे कमी पडले नव्हते. मेकॅनिक थांबायला तयार होता. मी फक्त एक महिना कुणाचं तरी देणं लागले असते तर आज विमानाच्या खिडकीत कुठली जागा घ्यायची हे ठरवत बसले असते. रोखठोकपणाने मी आजवर सगळं कमावलं आणि त्याच रोखठोकपणाने हे घालवलं. सल्लागार बाई म्हणाल्या, "एखाद्या बँकवाल्याला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं." मी म्हटलं, "माझ्या ओळखीचा कुणी बँकवाला नाही." हे बोलून घरी आले आणि जेवले नाही.

आता पूर्ण चित्र सांगते. विद्यापीठ चांगलं आहे, उशिरा आलात तरी चालेल म्हणतं, पण सप्टेंबरअखेरपर्यंतच. त्यानंतर जागा पुढच्या मुलीला. पुन्हा अर्ज करता येतो, पण व्हिसाचे पैसे पुन्हा भरायचे. तिकीट रद्द केलं त्यात निम्मे गेले. खोली दुसऱ्या कुणाला दिली, भाडं परत आलं पण अनामत बुडाली. शिवाय तिकडचं चलन या दोन महिन्यांत चढलं. 'आट'ची सगळी ओळ संपून वर दीड लाखाचा खड्डा पडलाय. मामांनी दुकानाचं वर्षाचं भाडं आगाऊ देऊ केलं. ते पैसे त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचे आहेत, मला माहीत आहे. संग्रहालयाच्या बाईंनीही विचारलं. त्यांना मी म्हटलं, तुमच्याकडून मी काम घेते, पैसे घेत नाही.

म्हणून आमच्या इथल्या बँकेत शिक्षणकर्जाला गेले. अधिकाऱ्यांना वाटलं मुलासाठी आलेय. मी प्रवेशपत्र पुढे केलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि कौतुकही केलं. रक्कम छोटी आहे, दुकान माझ्या नावावर आहे, वयाची अडचण नाही. फक्त एक हमीदार लागतो, ठरावीक पगाराचा. मामांना पगार नाही. मंजुरीचं पत्र हातात आलं की तेच व्हिसाला चालतं, पुन्हा चार आठवडे थांबायला नको.

आतापर्यंतच्या प्रत्येक पत्रात मी लिहिलं की मागत नाही. आता मागते. पैसे नकोत, तुझी सही हवी. तुझ्या फ्लॅटचं कर्ज अडणार असेल तर देऊ नकोस. ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. रागावून नाही म्हणालास तर मात्र मी तुला आयुष्यभर ऐकवीन.

आणि सही दिलीस म्हणून मी हा अभ्यासक्रम करायला तुझी परवानगी घेतली, असा अर्थ लावू नकोस. परवानगी मी कुणाचीच घेतलेली नाही.

तुझी आई


१४ ऑक्टोबर

चिरंजीव,

इथे येऊन तीन आठवडे झाले. फोनवर तुला सगळं सांगतेच, तरी हे पत्र लिहितेय. काही गोष्टी फोनवर बोलायला गेलं की आपण दोघंही लगेच हवापाण्यावर येतो.

आधी कौतुक करून घेते. वर्गात आम्ही चौदाजण. बाकीचे सगळे तुझ्याहून लहान. मला नावाने हाक मारतात. पहिले दोन दिवस माझ्यानंतर कुणी दुसरीच बाई वर्गात आलीय की काय म्हणून मी मागे बघत होते. पहिल्या प्रात्यक्षिकात एक जुना पडदा दिला. तो ओला करायचा की नाही, हे आधी लिहून ठरवायचं होतं. मी पाच पानं लिहिली, तीही अडखळत्या भाषेत. मास्तरीणबाईंनी खाली शेरा मारला, 'विचार स्वच्छ, वाक्यं सुरकुतलेली'. मी म्हटलं, इस्त्री येते मला, वेळ द्या. सगळे हसले. त्या रात्री मी खोलीत एकटीच पुन्हा हसले.

हिशेब: खोली ठरल्यापेक्षा थोडी महाग पडली. भांडी फुकट मिळाली. कोट घेतला, वापरलेला. त्याच्या खिशात कुणाचं तरी बसचं तिकीट निघालं. जेवणाचा खर्च तू म्हणाला होतास तेवढाच येतोय. तू जिंकलास.

आता मूळ मुद्दा. बँकेतल्या त्या दिवशी मी जे केलं त्याचं तुला वाईट वाटलं, हे मला दिसलं होतं. तुला परतीची बस पकडायची होती म्हणून बोलणं झालं नाही आणि निघताना विमानतळावर सगळेच रडत होते, तिथे कसला खुलासा करणार.

तू कळवलं नाहीस, सरळ आलास. मी सकाळी शटर उघडायला गेले तर तू पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होतास. लहानपणी शाळा लवकर सुटली की बसायचास तसाच. "सहीला आलोय," म्हणालास. इतकंच. मी चहा केला आणि तू तो पूर्ण प्यायलास. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी सांगितलं नाही, आता सांगते.

बँकेच्या बाकावर बसून तू माझं अंदाजपत्रक वाचत होतास आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, त्याची परतफेड झाली म्हण. सगळं वाचून तू एका ओळीवर बोट ठेवलंस.

"जेवणाला एवढेच?"

"पुरतात. मी किती खाते?"

"आई, बँक असं जेवण मंजूर करत नाही."

"कुठल्या नियमात आहे हे?"

"माझ्या." आणि तू पेन काढून तो आकडा दुप्पट केलास. "आणि 'आट' राहू दे," म्हणालास. "बरोबर ओळ आहे ती. मी हल्ली कर्जाला येणाऱ्या पार्ट्यांना हीच ओळ घालायला सांगतो. नाव वेगळं सांगतो, एवढंच."

हे तू मान वर न करता बोललास. पण त्या बाकावर माझी मान किती ताठ झाली होती ते तुला दिसायला हवं होतं.

मग अधिकाऱ्यांनी अर्ज पुढे केला. शिक्षणकर्जाचा छापील अर्ज, मुलांसाठी केलेला. वर 'विद्यार्थ्याचे नाव', तिथे मी सही केली. खाली 'पालकाचे नाव व सही'. अधिकारी ओशाळून हसले. म्हणाले, "दुसरा नमुना नाहीये आमच्याकडे. चालेल, इथेच करा." आणि तू पेन टेकवून म्हणालास, "राहू दे की आई. आता मीच पालक."

तू प्रेमाने म्हणालास, मला कळलं. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र तुझ्या हातातून कागद ओढून घेतला, 'पालक' शब्दावर काट मारली आणि वर ठळक अक्षरात 'मुलगा' लिहिलं. अधिकारी म्हणाले, खाडाखोड झालीय, आता तिच्या शेजारी दोघांच्या छोट्या सह्या लागतील. त्या आपण केल्या. पण तुझा चेहरा पडला. तुला वाटलं असेल, एवढ्या लांबून आलो, सही दिली, तरी हिचा ताठा काही जात नाही.

ताठा आहेच. पण कारण ते नव्हतं.

पालकाला जबाबदारी असते. हप्ता चुकला की त्याने भरायचा, पोर नापास झालं की त्याने मान खाली घालायची, झोप उडवून घ्यायची. हे सगळं मी तुझ्यासाठी केलंय आणि मला ते आवडलंय. ते मी तुझ्या डोक्यावर देणार नाही, गमतीनेसुद्धा नाही. तुझ्या डोक्यावर आता फ्लॅट आहे, आणि सूनबाईने परवा फोनवर सांगितलं ते येणारं बाळ आहे. पालक व्हायची तुझी वेळ जवळ आलीय. ते तू त्याच्यासाठी राखून ठेव.

इथे विद्यार्थ्यांना आठवड्यातून ठरलेले तास काम करता येतं. मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात शनिवार-रविवारी जाते. पहिला पगार काल झाला. कर्जाचा पहिला हप्ता मी आज सकाळी पाठवला. वाटेतली बँक जे कापते ते धरून, थोडे जास्तच. तुझ्याकडे कुणी येणार नाही, पुढेही येणार नाही. कुणी आलंच तर माझा पत्ता दे.

तू त्या दिवशी आलास, पायरीवर बसलास, चहा प्यायलास, माझ्या ओळीला बरोबर म्हणालास. मुलाने एवढं केलं की झालं. मुलगा असण्याचे कुणाला पैसे भरावे लागत नाहीत, बाळा, आणि माझ्याकडे तर कधीच लागले नव्हते.

तुझी
आई